साडूचं फ्लोराइड आणि माझं शिसं

४ जून
साडूचा फोटो पेपरात. पाण्यात फ्लोराइड असेल तर दिव्याखाली चमकणारं रसायन शोधलं म्हणे. सासूबाईंनी कात्रण फ्रिजवर चिकटवलं. मला तसूभरही वाईट वाटलं नाही. थोरला जावई मी, संशोधन संस्थेत आधी लागलो मी, त्याला इथे चिकटवलाही मीच. आपल्याच हातांनी पायावर धोंडा.

५ जून
संकल्प: पाण्यातलं शिसं पकडणारं रसायन. फ्लोराइड काय, कुणीही पकडेल. महिनाअखेर यश. तोवर त्याच्याबद्दल एक शब्दही काढायचा नाही.

११ जून
दिवसभर त्याच्याबद्दलच बोललो. बायको म्हणाली, तुमचं रसायन चमको न चमको, तुम्ही मात्र जळताय. हिला विज्ञानातलं काही कळत नाही.

१९ जून
रसायन तयार. शिसं घातलं. अंधार. अल्ट्राव्हायोलेट दिवा बिघडला असावा. साडूकडून दुसरा आणला. तोही बिघडलेला. मुद्दामच दिला असणार.

२३ जून, सकाळी
चमकलं! निळंशार! लॅबचा साबण संपला म्हणून घरची कपड्यांची पावडर नेऊन बाटल्या स्वतः घासल्या होत्या. स्वच्छतेचं फळ. तांबं, जस्त, नुसतं पाणी घालून बघायचं राहिलंय. नुसतं पाणी काय चमकणार?

२४ जून
डायरेक्टरांना कळवलं. सोमवारी प्रात्यक्षिक. सासूबाईंना फोन केला: फ्रिजवर जागा करा.

२७ जून, दुपारी
दिव्याखाली शिसं घातलेली बाटली निळी. टाळ्या. तेवढ्यात साडू हळूच म्हणाला, दादा, नुसतं पाणीही ठेवू या का? जळकुटा मेला. ठेवलं. निळं. मग रिकामी बाटली. निळी. माझा शर्टसुद्धा निळा. कपडे उजळ दिसावेत म्हणून पावडरीत जे घालतात, तेच चमकत होतं. डायरेक्टरांनी एवढंच विचारलं, पावडर कुठली?

२८ जून
साडू आला. बाटल्या अ‍ॅसिडने धुतल्या, माझं रसायन पुन्हा तपासलं. म्हणाला, हे शिशाला धरतच नाही, दादा; पण कल्पना चांगली आहे, दोघं मिळून करू. सासूबाईंना त्याने सांगितलंय, प्रयोग पुढे ढकलला. शत्रूने इतकं चांगलं असू नये. नावं तरी कशी ठेवायची?

४ जुलै
आजपासून त्याच्या हाताखाली. डायरेक्टरांचा हुकूम. बायकोला म्हणालो, मार्गदर्शन करायला जातोय. ती 'बरं' म्हणाली. हसली नाही, तेच जास्त लागलं.
त्याने पडदे ओढले, दिवा लावला. त्याचं रसायन मी पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहिलं. केशरी. अगदी आतून उजळल्यासारखं. नजर हलेना.
कसं वाटतंय, दादा? त्याने विचारलं.
बरंय, म्हणालो. आणि बाहेर जाऊन तोंड धुऊन आलो.