पहिली ओंजळ

बाबा, गिरणी बंद होऊ द्यायची नाही असं मी ठरवलं आहे, आणि त्यासाठी तुमचा एक नियम मोडणार आहे. तुम्ही असतात तर हे तोंडावर बोलले नसते.

तुमच्यामागे दादाने डोंबिवलीची गिरणी एकट्याने ओढली. आता लोक पाकिटातलं पीठ घेतात. दळणं बंद करून, बाहेरून दळून आलेली पाकिटं विकायची, असं त्याने जवळजवळ पक्कं केलं होतं. "मोठ्या गिरण्या स्वस्तात दळतात. आणि माझे कपडे तरी पांढरे होणार नाहीत." त्याचे केस आता पीठ नसतानाही पांढरे दिसतात.

माजिवड्याच्या ऑफिसात मी अशाच गोष्टी ठरवायचं काम करते. माल येतो तिथपासून गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंतचा एकेक टप्पा मांडायचा आणि प्रत्येक टप्प्यावर विचारायचं, इथे गिऱ्हाइकाला काय मिळतं आणि आपल्याला काय पडतं. याला मूल्यसाखळी म्हणतात. कोणतं काम आपण करायचं, कोणतं बाहेर द्यायचं, माणसं आणि यंत्रं कशी लावायची, ते त्यावरून ठरतं. रविवारी गिरणीच्या ओट्यावर मी खडूने आपली साखळी काढली. गहू आणणं, निवडणं, डबा उचलून आणणं, थांबणं, दळणं, डबा घरी नेणं, शेवटी पोळी. दादाने 'दळणं'वर बोट ठेवलं. "अगं, यात आपलं एवढंच. तेच तर बाहेर देतोय."

मला मात्र तिथे तुम्ही दिसलात. मी कॉलेजातून आलेली आहे, तुम्ही जात्याखालच्या कापडी बाहीवर थापट्या मारताय, आणि समोरच्या इमारतीतल्या काकू डब्याशी उभ्या आहेत. "अहो, तुमच्याकडे उभं राहून केस पिकले की पीठ बसलं, घरी जाऊन धुतल्याशिवाय कळत नाही!" तुम्ही हसत नाही. जात्यात आधीच्या माणसाची ज्वारी उरलेली असते, म्हणून काकूंच्या दळणाचं पहिलं ओंजळभर पीठ तुम्ही बाजूला काढता, त्यांना दाखवता आणि चिकटवायच्या खळीसाठी ठेवलेल्या डब्यात टाकता. मी म्हणते, "बाबा, जाऊ द्या ना त्यांना. डबा मागाहून नेतील." तुम्ही काकूंच्या देखत मला सुनावता, "मालक समोर नसेल तर दळायचं नाही. त्यांनी बघितलं नाही, तर मी ओंजळ काढली काय न काढली काय, सारखंच. तुला घाई असेल तर तू जा."

माणसं आपल्याकडे येत ती त्या ओंजळीसाठी. आपलाच गहू, दुसऱ्याचं काही न मिसळलेला, हवा तेवढा जाडसर. हे पाकिटात बसत नाही, म्हणून दळणं बाहेर द्यायचं नाही. पण माणसं तुटली तीही त्याच ठिकाणी, थांबण्यापायी. तुम्ही दोन्ही एकत्र बांधलं होतं, मी ते सोडवते आहे. शेजारचं मिरची दळायचं यंत्र विकायचं, म्हणजे पिठाला तिखटाचा वास लागणार नाही. सकाळी स्कूटरवरून घरोघरचे डबे आणायचे, संध्याकाळी पोचवायचे. उपवासाच्या दळणाला जातं साफ करून वेगळा दिवस. आणि ती पहिली ओंजळ कागदाच्या पुडीत बांधून प्रत्येकाच्या झाकणावर ठेवायची, म्हणजे घरी बसल्या मालकालाही ती दिसेल.

दादाने खडूच्या रेघांवरून बोट 'पोळी'पर्यंत नेलं. "पुडी उघडून कोण बघणार?"

"काकू."

काकूंना आता जिने उतरवत नाहीत. "त्या बघतील," दादा म्हणाला, "आणि चूक निघाली तर खिडकीतून ओरडतील." पहिल्यांदाच हसला. "दिवाळीपर्यंत बघू. नाही जमलं तर पाकिटं." दिवाळी तर दिवाळी. भाजणीच्या दिवसांत कळेलच.

उद्या पहिली फेरी आहे. हा कागद कुठे पाठवायचा नाही, तेव्हा एक सांगून टाकते. लोक थांबायला कंटाळतात हे मला साखळी मांडून कळलेलं नाही. लग्न होऊन कोपरीला आले तेव्हापासून मी पाकिटातलंच पीठ वापरते. दादालाही माहीत नाही. उद्या सुट्टी टाकली आहे. कोपरी काही आपल्या फेरीत येत नाही, म्हणून माझा डबा मीच घेऊन जाणार आहे, आणि दळून होईपर्यंत समोर उभी राहणार आहे.