चार बोटं जाड फळी

सौ.स अनेक आशीर्वाद.

भाषणाचे सहा पोडियम, त्यांच्या बारा पायऱ्या आणि पडद्यांच्या सहा चौकटी, एवढं मी या दोन हातांनी केलं. सुतारकी कुठल्या शाळेत शिकलो नाही, तरी सहा पोडियमांत एका सुताचा फरक कुणी दाखवावाच!

इथे या निवडणुकीत नव्या नियमाने उमेदवारांचा प्रचार सरकारी खर्चाने होतो. सगळ्यांना सामान सारखं. पदरचं किंवा कुणा शेठजीचं काही लावायचं नाही.

मी ठणठणीत आहे. गुडघा फक्त जिना चढताना कुरकुरतो. खोली चौथ्या मजल्यावर आहे, हवा छान येते. तिकडे छत गळायचं थांबलं का? बादल्या किती लावतेस, ते खरं लिही.

काल एका बुटक्या उमेदवाराचा सेक्रेटरी आला. म्हणाला, “मिस्त्री, साहेबांच्या पोडियममध्ये उभं राहायच्या जागी चार बोटं जाड फळी ठोका. बाहेरून कुणाला कळतंय?”

“मला कळतं ना!”

“अहो, पैसे एक बिल्डर देतोय. साहेब निवडून आले की तो आपलं वसूल करेल. तुमच्या बापाचं काय जातं?”

“माझे सहा सारखे पोडियम जातात. साहेबांना उंच टाचांचे बूट घालायला सांगा.”

“घातलेलेच आहेत हो,” तो हळूच म्हणाला.

धाकटी अभ्यास करते ना? तू वेळेवर जेवत जा.

तुझाच,
हट्टी मिस्त्री

ता. क. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच लिहितो, आधी बसून घे. त्या एका फळीसाठी मी नाकारलेली रक्कम होती रोख तीन लाख.