चूल बघायला गेलेली आई

नेवासा, १२ मार्च १९७१

प्रिय भागू,

कॉलेजात तुझं ठीक चाललं असेल. इथे तुझे आप्पा माझ्याशी बोलत नाहीत. वाढलं की जेवतात मात्र, म्हणजे राग अजून पोटापर्यंत पोचलेला नाही.

नगरच्या डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो काढला आणि विचारलं, बाई बिडी ओढतात का. आप्पा केवढे तापले. "आमच्यात बाया बिडी वडत न्हाईत," म्हणाले. मी म्हटलं, बिडी नाही साहेब, पण लग्न झाल्यापासून गोवऱ्या आणि तुरकाट्यांचा धूर पोटभर घेतलाय. डॉक्टर हसले नाहीत. धुरानं फुप्फुसं खराब झालीत, म्हणाले. हृदयाची उजवी बाजू फुप्फुसांकडे रक्त ढकलते. तिला वर्षानुवर्षं जास्त जोर लावावा लागला, आता ती फुगून थकली आहे. पायांवरची सूज त्यामुळेच.

त्यानंतर आम्ही तुला मागणी घालणाऱ्या कानिफनाथचं घर बघायला गेलो. पुरुषमाणसं विहीर, मळा, बैल बघत हिंडली. मी सरळ स्वयंपाकघरात शिरले. खिडकी नाही, धुराडं नाही, भिंती काळ्याकुट्ट. तुझी होणारी सासू गोजरबाई खोकत भाकरी थापत होती. तिचा सुजलेला घोटा बोटानं दाबला, तर माझ्या पायासारखाच खळगा पडून तसाच राहिला. बाहेर बैठकीत येऊन मी सांगितलं, आधी भिंत फोडून धुराडं काढा, मग मुलगी मागा. मुलाचे वडील म्हणाले, "आमच्या चार पिढ्या ह्याच चुलीचं खाऊन वाढल्या, काय झालं न्हाई." मी विचारलं, त्यांतल्या बायका किती जगल्या? मग चहा न घेताच आम्ही उठलो.

घरी आल्यावर मी पहार घेऊन आपल्या चुलीमागची भिंत फोडली. धाप लागली की बसायचे, पुन्हा उठायचे. गाव म्हणतं, मुक्ताबाईला वेड लागलं. लागू दे.

मुलगा चांगला आहे, तुलाही पसंत आहे, ठाऊक आहे मला. रविवारी आप्पा आणि तुझा मामा तुझ्याकडे येतील. डॉक्टर त्यांना बाजूला घेऊन जे बोलले, ते मी दाराआडून ऐकलंय. ते सांगतील, आई फार दिवसांची सोबती नाही, तिच्या डोळ्यांदेखत अक्षता पडू देत. पहिली गोष्ट खरी आहे. रडायचं तेवढं रड. पण त्यांच्या चुलीमागची भिंत फुटल्याशिवाय माझ्या मरणाच्या नावानं होकार देऊ नकोस. तुझं लग्न बघायची मला फार हौस आहे, भागू. तरीही नाही म्हण.

तुझीच,
हट्टी आई