गुडघेदुखीच्या गोळ्या

इंद्रजित,

भाकरी टोपल्यात हाय, कालवण गरम करून घे. मी सोनियाला घेऊन तिच्या माहेरी विट्याला चाललीया.

फळीवरच्या तिच्या होमिओपॅथीच्या गोळ्या गुडघेदुखीच्या हायती, असं ती म्हणायची. माझं बी गुडघं दुखत्यात, म्हणून तिला न सांगता मीच खाऊन संपवल्या. काल रिकामी बाटली घेऊन लोणंदच्या डॉक्टरांकडं गेले. नाव वाचून ते म्हणाले, "ही आर्निका. मुक्या मारावर देतात. आजी, कुठं पडलात?"

आपल्या घरात कुणी पडल्याचं मला तर ठावं न्हाई. तुला हाय का?

तुझा बा हुता तवा मी बी हळद लावून गुडघंच दुखत्यात म्हणायची. तुझी आजी समदं वळखून गप बसायची.

मी गप बसायची न्हाई.

आई