आत्या धुळ्यात आहे

आबा, तुम्हाला आणि आईला उषाचा नमस्कार.

मी बरी आहे. नर्सिंगचे पेपर चांगले गेले. आईचा गुडघा कसा आहे?

फोनवर मला हे बोलवलं नसतं, म्हणून लिहिते. हॉस्टेलच्या मेसमध्ये भाकरी करायला नवी बाई आली, ती आपली दिवालीआत्या आहे. ती पुरात गेली असं तुम्ही आम्हाला सांगितलं होतं. तुम्हाला दोष देत नाही, आबा.

आपला धाकटा लखन तान्हा असताना तापला, तेव्हा मी सहा वर्षांची होते. "आत्याने कपाळावर हात फिरवला आणि तो तापला," असं मीच चारचौघांत बोलले. त्यावरूनच लोकांनी तिला डाकीण ठरवून गावाबाहेर काढलं. हे कोण बोललं, ते तिला ठाऊक नाही.

मी ओळख सांगितली, तर तिने आधी विचारलं, "लखनना ताप उतरना का, बेटा?" तो ताप उतरला, हे चौदा वर्षं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तो दहावीत आहे म्हटलं, तर डोळे पुसून तिने मला गरम भाकरी वाढली.

रविवारी लखनला घेऊन या. तेव्हाचं माझं बोलणं मीच तिला सांगणार आहे. तुम्ही फक्त जवळ बसा.

तुमची,
उषा