दाढेतली चीर आणि अजून एक ऊन

सौ. मालनआक्कास धाकट्या महिपतचा डोकं टेकून नमस्कार.

तुझे गुडघे आणि भावोजींची साखर ताब्यात असेल असं धरून पुढे लिहितो. आम्ही इकडे सर्व बरे आहोत (दाढ सोडून). फोन न करता पत्र का, म्हणशील. वाडीत रेंज फक्त देवळाच्या पारावर मिळते आणि पारावर दिवसभर धोंडू कान लावून बसलेला असतो.

तर उजवीकडची चांदी भरलेली दाढ महिनाभर कळ मारते आहे. चावताना काही नाही, चावून दात उचलला की कळ थेट कानात. डावीकडच्या दाढा कधीच गेल्या, त्यामुळे कामाची तीच एक. भात कणग्यात भरण्याआधी वाळलं की नाही, हे बाबांच्या मागे वाडीला मीच दाणा चावून सांगतो, हे तू जाणतेसच. कट्ट वाजला की भरा, नुसता दबला की अजून एक ऊन द्या. ओलं भरलं तर बुरशी धरते आणि त्या घराचं वर्षाचं खाणं जातं. म्हणून रेणुकाने (आली सून म्हणून, हल्ली फौजदार झाली आहे) मला एसटीत बसवून रत्नागिरीला नेलं.

दातांची डॉक्टरीण मनस्वी नावाची, वयाने आपल्या मुलीसारखी. तिने एक्स-रे काढला. त्यात चांदी पांढरीशुभ्र, दिमाखात बसलेली, बाकी काही नाही. मला वाटलं सुटलो. पण ती म्हणाली, केसाएवढी चीर एक्स-रेत बहुधा दिसत नाही, चांदीच्या आड तर नाहीच. मग खोलीतले दिवे घालवून तिने दाढेला बाजूने बारीक उजेड लावला आणि पेनाएवढ्या कॅमेऱ्याने फोटो काढला. पडद्यावर माझी दाढ कलिंगडाएवढी! अर्धी उजळलेली, अर्धी काळोखात, मध्ये शेतातल्या बांधासारखी रेघ. उजेड चिरेपाशी येऊन अडतो म्हणे. खात्रीसाठी तिने दाढेखाली प्लॅस्टिकची काडी धरून चावायला लावलं आणि विचारलं, "काय वाटतं, काका?" मी सवयीने सांगून गेलो, "अजून एक ऊन लागेल." रेणुका भिंतीकडे तोंड करून हसत होती. खांदे हलताना दिसतात, आक्का.

आता चांदी काढून आत बघायचं, मग वर कॅप बसवायची, आणि या दाढेने कठीण काही चावायचं नाही. "सुपारी?" "नाही." "दाणा?" "कसला दाणा?" इकडे हळवं भात नेहमीसारखं सगळ्यांत आधी कापणीला आलंय, दसऱ्याच्या सुमारास माणसं सुपं घेऊन ओटीवर येतील. धोंडू तर टपलाच आहे. परवा पारावर सगळ्यांदेखत म्हणाला, "म्हैपता, दाना चावतोस का चघळतोस रे?"

बाकी ठीक. भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
महिपत

ता. क. दसऱ्याला येतेस ना? दोन दिवस आधीच ये. तुझे दात अजून शाबूत आहेत असं ऐकतो. तू माजघरात बसून दाणा चावायचास, मी ओटीवर येऊन निकाल सांगायचा. कुणाला कळणार नाही.

ता. क. दुसरा. रेणुकाने पत्र वाचलं. ती म्हणते, "आत्याबाई ओटीवरच बसतील आणि तुम्ही माजघरात."

ता. क. तिसरा. तिची पाठ वळल्यावर लिहितो. वर महिनाभर लिहिलंय, ते खोटं. दोन पावसाळे झाले, कळेच्या भीतीने मी एकही दाणा चावलेला नाही. तोंडात धरतो आणि सगळ्यांना 'अजून एक ऊन द्या' सांगतो. अजून कुणाचं भात बिघडलं नाही, पण भात उन्हात पसरलेलं असताना ढग आले की मला झोप लागत नाही. बाबा पहिला दाणा तुझ्याच हातावर ठेवायचे. मी तुझं तोंड बघून उत्तर सांगायचो. तू सासरी गेलीस तेव्हापासून, दाढ धड होती तेव्हाही, अंदाजानेच चाललंय. ये.