मागचा डावा सड

माय, उद्या सकाळी वांकिडीकडच्या एका गावात बायकांना म्हशीच्या कासेबद्दल समजावून सांगायचं आहे, आणि त्याआधी तुझ्याशी बोलल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर येणार नाही. मी आता जनावरांच्या दवाखान्यात काम करते. शाळेत नाव घालण्याआधी आकडे तूच शिकवलेस, गोठ्यात बसून: शेळीला दोन सड, म्हशीला चार, आपल्या कुत्रीला आठ. रस्त्यानं हत्तीण आली होती तो दिवस आठवतो? तू पदर सावरून वाकतेस, तिच्या मागच्या पायांत बघतेस आणि माहुतासमोरच म्हणतेस, "हिले तं सडच नाई वं! पिलाले काय चहा पाजते?" असतात, माय. दोनच, पण पुढच्या पायांमध्ये, छातीशी, आपल्यासारखे. वटवाघळीचेही तिथंच. कॉलेजात हे वाचलं तेव्हा वर्गात मी एकटीच हसले, आणि मग पान उलटलं.

पुढच्या पानावर म्हशीची कास कापून दाखवलेली होती. तू म्हणायचीस, कास म्हणजे एक हंडा आणि चार तोट्या. चित्रात हंडा नव्हता. चार वेगळ्या कोठ्या होत्या, मधे पडदे. एकीतलं दूध दुसरीत जातच नाही.

आपलं रेडकू मेलं, त्या आठवड्यात तू तापानं पडून होतीस आणि बाबा उजाडायच्या आत कापूस वेचायला जात. धार मी काढायचे, नऊ वर्षांची, हे त्यांना ठाऊकही नव्हतं. मागचा डावा सड रेडकाचा, असं तूच ठरवलेलं. तेवढा सोडून आपण दूध काढायचो. ते गेल्यावरही मी तो सोडत राहिले. त्याच्या वाट्याचं काढणं मला चोरीसारखं वाटे, आणि हंडा एकच, मग ते दूध बाकीच्या तोट्यांतून येईलच, अशी माझी समजूत. तू अंथरुणातून विचारायचीस, "चारी सड काढले ना वं?" मी हो म्हणायचे. पाचव्या दिवशी दगडी झाली, कास त्या बाजूनं सुजून दगडासारखी टणक. तो सड कायमचा आटला. बाबा अंगणात शेजाऱ्यांदेखत तुला म्हणाले, "इतकी वर्षं धार काढून राह्यली, अन् एक सड रिकामा करता येत नाई तुले?" तू म्हणालीस, "तापात ध्यान नाई राह्यलं." मी दाराआड उभी होते. दोन वर्षांनी तू गेलीस, तरी मी बोलले नाही.

आज दुपारी बाबांना सांगितलं. त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, "आता सांगून राह्यली तू? अन् मी तिले काय सांगू मंग?" त्यांचा तो प्रश्न घेऊनच हे लिहायला बसले.

उद्या फळ्यावर मी हंडा काढणार नाही, चार कोठ्याच काढणार. हात धुऊन बसायचं, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवल्याशिवाय सडाला लावायचा नाही, हे तुझं जसंच्या तसं सांगणार. रेडकू मेलं तर त्याचाही सड रिकामा करायचा, हे सांगणार, आणि हे मला कसं कळलं तेही. कोणाच्या हातून झालं ते लपवणार नाही.

घरची म्हैस आता दुसरी आहे, चारही सड चांगले आहेत. तरी धार काढून उठले की अर्ध्या वाटेवरून मी परत जाते, बादली खाली ठेवते आणि मागचा डावा सड पुन्हा एकदा पिळून बघते.